केडल्स्टनचा वाडा

विलायतेंतील सरदार-जमीनदारांचीं खेड्यापाड्यांत जीं प्रचंड निवासस्थानें आहेत, त्यांस तिकडे 'कंट्री हाउस', म्हणजे गांवाकडचें घर, असें अगदीं साधें नांव आहे. हें नांव ऐकून वाचकांच्या डोळ्यांपुढें ओटी, माजघर, परसांतील विहीर आणि गोठा उभा राहील. तो त्यांनीं तूर्त दूर सारावा. ज्या एका घराविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों, त्याच्या नुसत्या पहिल्या दालनांत आमच्या वाईच्या वाड्याचा चौक चारी सोप्यांसकट मावेल आणि वर तुळशीवृंदावनास जागा उरेल.

पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें विलायती शिल्पाविषयीं लिहावें कां, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, आमचा पुतण्या डर्बी शहरीं नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या उन्हाळ्यांत आमचा दोन महिने तेथें मुक्काम होता. शहराच्या वायव्येस चार-पांच मैलांवर हें केडल्स्टनचें घर आहे. तेथें आम्ही तीन वेळां गेलों, आणि तिन्ही वेळां परततांना खिशांतील वही टिपणांनीं भरलेली होती. दुसरें कारण घरगुती आहे. वाईचा आमचा वडिलोपार्जित वाडा पाडून त्या जागीं सदनिकांची इमारत उठवावी असें भावाभावांत घाटत आहे. पांच सह्यांपैकीं चार झाल्या आहेत, पांचवी आमची राहिली आहे. अशा वेळीं माणूस परक्याच्या घराचे खांबहि जरा अधिक निरखून पाहतो.

केडल्स्टन येथें कर्झन नांवाचें घराणें सातशेंहून अधिक वर्षें नांदत आहे. त्यांतील नॅथॅनिएल कर्झन यांस सन १७५८ मध्यें वडिलांमागें जहागीर मिळाली, तेव्हां त्यांचें वय सुमारें बत्तीस वर्षांचें होतें. वडिलांचें राहतें घर विटांचें, चांगलें भक्कम आणि अवघें साठ-एक वर्षांचें होतें. परंतु त्याच परगण्यांत चॅट्सवर्थ येथें डेव्हनशायरच्या ड्यूकचा राजवाडा होता, आणि राजकारणांत तें घराणें प्रतिपक्षाचें. शेजाऱ्याच्या माडीकडे पाहून आपली माडी चढविण्याची ही ऊर्मि केवळ आमच्याच आळींत असते असें नव्हे. नॅथॅनिएल साहेबांनीं जुनें घर पाडलें. एवढ्यानें भागलें नाहीं. घरासमोरून एक सडक जात होती, ती दूर वळविली. आणि घराजवळ एक लहानसें खेडें होतें, त्यामुळें दृष्टीस अडथळा होतो म्हणून तें खेडेंच उठवून दुसरीकडे वसविलें. गांवांतील देऊळ, म्हणजे ख्रिस्ती लोकांचें चर्च, तेवढें हलवितां आलें नाहीं. तें आजहि मोठ्या घराच्या पश्चिम अंगास, गांवकऱ्यांवांचून, एकटें उभें आहे. ज्या इमारतीची पुढें आम्ही स्तुति करणार आहों, तिच्या पायाखालीं एक गांव आहे हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हीं वर्षें कोणतीं, तेंहि पाहण्यासारखें आहे. बांधकाम सन १७५९ मध्यें सुरू झालें आणि मुख्य भाग १७६५ च्या सुमारास उभा राहिला. म्हणजे पानिपतावर १७६१ च्या जानेवारींत आपल्याकडील घराघरांतील माणसें पडत होतीं, तेव्हां डर्बीशायरांत पाथरवटांच्या छिन्न्या चालू होत्या. आमच्या वाड्याच्या गणेशपट्टीवर शके १६९१ कोरलेलें आहे, तें १७६९ सालचें. तेव्हां दोन्ही घरें वयानें जवळजवळ जुळीं म्हणावयाचीं.

या घरास तीन स्थपति लागले. प्रथम मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन, आणि शेवटीं रॉबर्ट ॲडम. हा ॲडम मूळचा स्कॉटलंडचा. इटलींत राहून रोमन अवशेषांचीं मापें घेऊन तो सन १७५८ मध्यें परतला होता. कर्झनसाहेबांनीं त्यास प्रथम बागेंतील लहानसहान कामें दिलीं. पण त्यानें आपलीं चित्रें अशा कांहीं खुबीनें पुढें मांडलीं कीं, १७६० मध्यें घराचाहि ताबा त्याच्याकडे आला आणि पेन हळूच बाजूस सरला. तिशी नुकतीच ओलांडलेला तो माणूस! घराची उत्तर बाजू आजहि बव्हंशीं पहिल्या दोघांच्या कल्पनेप्रमाणें आहे, आणि दक्षिण बाजू सर्वस्वीं ॲडमची. एकाच घरास दोन स्वभाव कसे, याचें उत्तर या इतिहासांत आहे.

मूळ योजना अशी: मध्यें एक मोठी चौकोनी इमारत, आणि तिच्या चार कोपऱ्यांपासून कमानीसारख्या वळलेल्या ओवऱ्यांनीं जोडलेलीं चार लहान घरें. ही कल्पना इटलीचा पॅलाडिओ याची. प्रत्यक्षांत चारांपैकीं दोनच झालीं, उत्तरेकडील. पूर्वेचें कुटुंबाच्या राहण्यासाठीं, पश्चिमेचें स्वयंपाकासाठीं. दक्षिणेकडील दोन कागदावरच राहिलीं. येथें आम्हांस वराहमिहिराची आठवण झाली, आणि ती दाबून ठेवणें जमत नाहीं. बृहत्संहितेच्या वास्तुविद्येंत चतुःशाल घराच्या कोणत्या शाला गाळल्या असतां कोणतें फळ मिळतें, याचा क्रमवार विचार आहे. पूर्व आणि पश्चिम या दोनच शाला ठेवल्या तर त्या द्विशालास 'चुल्ली' म्हणावें, आणि त्याचें फळ वित्तनाश, असें आचार्य सांगतात. केडल्स्टनच्या पश्चिम शालेंत खरोखरच चूल आहे; आणि वित्ताचें पुढें काय झालें तें ओघानें येईलच. पुतण्या इंजिनियर असल्यामुळें हें ऐकून नुसता हंसला. आम्हीहि हंसलों, पण टिपून ठेविलें.

उत्तरेकडून येतांना सहा उत्तुंग खांबांचें द्वारमंडप दिसतें. दोन बाजूंनीं चढणारा दगडी जिना आहे. त्यानें वर गेलें कीं दार, आणि दार उघडलें कीं एकदम 'संगमरवरी दालन'. यास दिवाणखाना म्हणणें कठीण, कारण येथें बसण्याउठण्याचा कांहीं विचारच नाहीं. लांबी सुमारें ६७ फूट, रुंदी ४२, उंची ४० फूट. आणि दोन्ही बाजूंस मिळून वीस खांब, प्रत्येक २५ फूट उंचीचा. खांब संगमरवराचे नसून अलाबास्टर नांवाच्या मऊ दगडाचे आहेत. हा दगड कर्झन घराण्याच्याच नॉटिंगहॅमशायरमधील खाणींतून आणिला. रंग पिवळसर-हिरवट, त्यांत तांबूस आणि तपकिरी शिरा. ओल्या मातीवर गेरू ओघळावा तशा. खांबांस उभ्या पन्हळी पाडल्या आहेत, आणि हात लावला तर दगड अनपेक्षित ऊबदार वाटतो. (हात लावूं नये अशी पाटी आहे, आम्ही ती नंतर वाचली.) भिंतींतील कोनाड्यांत प्राचीन मूर्तींच्या चुन्याच्या प्रतिकृति उभ्या आहेत, आणि त्यांच्यावर होमराच्या काव्यांतील प्रसंगांचीं एकरंगी चित्रें.

पण आम्हांस ज्यानें थांबविलें तें वेगळेंच. या दालनास भिंतींत एकहि खिडकी नाहीं. सगळा उजेड छतांतील झरोक्यांतून खालीं उतरतो. बाहेर इंग्लंडचें नेहमींचें मळभ होतें. आंत मात्र तोच मळकट उजेड वरून येऊन खांबांच्या पन्हळींत साचला होता, आणि माणसाची सावली पायाजवळच पडत होती. आम्ही कांहीं वेळ उभे राहिलों आणि मग उमगलें कीं हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. हा चौक आहे! ॲडमनें हें रोमन लोकांच्या घरांतील मधल्या अंगणावरून घेतलें. रोमन मनुष्य घराच्या मध्यभागीं आभाळ ठेवी. आपणहि वाड्याच्या मध्यें आभाळ ठेवितों, आणि वास्तुशास्त्र त्या जागेस ब्रह्मस्थान म्हणून मोकळें सोडावयास सांगतें. इंग्रजानें त्या आभाळावर कांच बसविली, कारण त्याच्या देशांत उघड्या चौकांत बारा महिने पाणी सांचेल. फरक इतकाच कीं, आपल्या चौकांत पापड वाळतात, मुलें न्हातात, मुंज लागते; या चौकांत प्रारंभापासून कोणीं कांहींच केलें नाहीं. तो पाहण्यासाठीं होता.

ही आमची टीका नव्हे. घराचा हेतूच तसा होता. कर्झन कुटुंब पहिल्यापासून पूर्वेच्या लहान घरांत राहत असे, आणि मधली भव्य इमारत चित्रें, मूर्ति आणि पाहुणे यांच्यासाठीं होती. पाहुणेहि केवळ निमंत्रित नव्हत. त्या काळींसुद्धां सभ्य वेषाचा प्रवासी आला कीं घरची कारभारीण त्यास दालनें दाखवीत असे, आणि त्यासाठीं चित्रांची छापील यादीहि होती. गार्नेटबाई नांवाच्या एका कारभारणीचें, हातांत ती यादी घेतलेलें, तैलचित्र घरांत आहे. उमरावांच्या तसबिरींच्या गर्दींत या बाईचा चेहरा आम्हांस सर्वांत बोलका वाटला.

सन १७७७ मध्यें बॉस्वेलसह येथें आलेले एक पाहुणे म्हणजे डॉक्टर जॉन्सन. तेहि एके काळीं आमच्याच पेशांतले, शाळा काढून बसलेले. त्यामुळें त्यांच्या मताविषयीं आम्हांस आपुलकी आहे. बॉस्वेल हें वैभव पाहून दिपून गेला. जॉन्सन म्हणाले कीं, ही इमारत नगरसभेच्या कचेरीस उत्तम: खांबांच्या दालनांत न्यायाधीश बसतील, गोल खोलींत पंच बसतील, आणि वरच्या खोलींत कैदी ठेवतां येतील. घरांत घरपण नाहीं हें याहून थोडक्यांत सांगणें अवघड आहे.

ती गोल खोली मात्र जॉन्सनसाहेबांनीं इतक्या सहज निकालांत काढावयास नको होती. खांबांच्या दालनामागोमाग ती लागते. रोमच्या पँथिऑन मंदिराचा तो नमुना: व्यास ४२ फूट, घुमटाच्या माथ्यापर्यंत उंची ६२ फूट, आणि माथ्यावर एकच वर्तुळाकार डोळा. घुमट चौकटीचौकटींनीं आंत खोदल्यासारखा आहे, आणि या चौकटी वर जातां जातां लहान होत जातात, त्यामुळें नजर आपोआप ओढली जाते. मघांच्या चौकोनी दालनांतून या वर्तुळांत पाऊल टाकतांच आवाज बदलतो. आमच्या पुतण्याची लहान मुलगी तेथें 'आजोबा!' म्हणून ओरडली आणि घुमटानें तें आम्हांस वरून परत दिलें.

याच खोलीचा घुमट दक्षिणेच्या दर्शनी भागावर बाहेरून दिसतो. ही बाजू ॲडमनें रोमांतील कॉन्स्टंटाइन बादशहाच्या विजयकमानीवरून रचिली आहे. चार खांब भिंतीपासून सुटे पुढें आलेले, त्यांच्या माथ्यावर मूर्ति. मागें भिंत, आणि भिंतीमागून घुमटाची मंद चढण. जिना दोन बाजूंनीं वळत खालच्या हिरवळीवर उतरतो. ॲडम याला इमारतींतील 'गति' म्हणे: कांहीं भाग पुढें यावा, कांहीं मागें सरावा, कांहीं चढावा, कांहीं उतरावा, म्हणजे डोंगरदऱ्या पाहतांना डोळ्यास जें सुख होतें तें दगडांत उतरतें. उत्तरेची बाजू आज्ञा करते; दक्षिणेची बोलते. आम्हांस निवड करावयास सांगितली तर आम्ही दक्षिणेच्या हिरवळीवर बसूं. तीन वेळांपैकीं दोन वेळां बसलोंहि.

शयनगृहांतील राजपलंग ताडाच्या झाडांसारखा कोरलेला आहे, मुळ्यांसकट. दिवाणखान्यांतील निळ्या कोचांस सोनेरी जलपुरुषांनीं आधार दिला आहे. हौसेस मोल नाहीं, एवढेंच म्हणून आम्ही पुढें जातों.

कारण स्वयंपाकघराविषयीं लिहिणें अधिक अगत्याचें आहे. तें पश्चिमेच्या लहान घरांत आहे, दोन मजले उंच, आणि त्याच्या चुलाण्यावर अन्न वायां न घालविण्याचा उपदेश कोरलेला आहे. आज तेथें पाहुण्यांस चहा मिळतो. भोजनाचें दालन मधल्या इमारतींत. म्हणजे शिजलेलें अन्न त्या वळणाच्या ओवरींतून लांबवर चालत जावयाचें! चहा पितां पितां आमच्या सूनबाई म्हणाल्या, "काका, इथून तिथवर नेईपर्यंत आमटीवर साय धरली असती हो." आम्हीं सांगितलें कीं, धूर, वास आणि आगीचें भय दूर ठेवण्यासाठीं ही योजना होती. "असेल," त्या म्हणाल्या, "पण वाढणाऱ्या बाईला कोणीं विचारलं नसणार." या मुद्द्यावर पॅलाडिओच्या ग्रंथांत कांहीं आधार सांपडेलसें आम्हांस वाटत नाहीं.

या घराचा हिंदुस्थानाशीं संबंध आहे, आणि तो थोडा विलक्षण आहे. गव्हर्नर-जनरल वेलस्ली यास कलकत्त्यास व्यापाऱ्याच्या कोठींत राहणें कमीपणाचें वाटूं लागलें. त्यानें १७९९ मध्यें सरकारवाड्याचें काम सुरू करविलें. नकाशा कॅप्टन चार्ल्स वायट याचा, आणि त्यानें पुढें ठेविलेला नमुना केडल्स्टनचा. तेथें मात्र चारी कोपऱ्यांचीं चारी घरें बांधलीं गेलीं. जें डर्बीशायरच्या जहागीरदारास आपल्या पैशानें पुरें करतां आलें नाहीं, तें कंपनीच्या तिजोरींतून, म्हणजे अखेर येथील रयतेच्या पैशानें, हुगळीकांठीं पुरें झालें. इमारत १८०३ मध्यें तयार झाली. आणि त्याच वर्षीं असईच्या रणांत याच वेलस्लीच्या भावानें मराठी फौजा मोडल्या. तेथें खांबांस अलाबास्टर नव्हता, विटांवर चुन्याचा घोटीव गिलावा होता. स्वयंपाकघर तर इतकें दूर, अगदीं आवाराबाहेर, कीं मागाहून आलेल्या लाटसाहेबांच्या मडमा त्याविषयीं कुरकुरत. नमुन्यांतील दोष नकलेंत दुणावतो, हें आम्हीं शाळेच्या वह्या तपासतांना पुष्कळदां पाहिलें आहे. आज त्या वाड्यांत पश्चिम बंगालचे राज्यपाल राहतात.

आणि योगायोग असा कीं, १८९९ मध्यें त्या कलकत्त्याच्या नकलेंत राहावयास जो व्हाइसरॉय आला, तो मूळ केडल्स्टनच्या घरांत १८५९ मध्यें जन्मलेला जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन. या नांवाविषयीं आमच्या घरांत गोडी नाहीं. आमचे आजोबा १९०५ ची वंगभंगाची वार्ता आणि पुण्यांतील विदेशी कापडाची होळी यांच्या गोष्टी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकून आम्हांस सांगत. नामदार गोखल्यांनीं १९०४ च्या विश्वविद्यालयांच्या कायद्यास कौन्सिलांत केलेला विरोध, आणि पुढल्या वर्षीं काशीच्या राष्ट्रीय सभेंत कर्झनशाहीची औरंगजेबाशीं केलेली तुलना, हीं आम्हीं स्वतः मुलांना शिकविलीं आहेत. घराच्या तळमजल्यावर याच कर्झननें पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचें संग्रहालय आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारांत त्याच्या पत्नीनें नेसलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखहि तेथें आहे. त्यावरील भरतकाम दिल्लीच्या कारागिरांचें, आणि पिसांच्या डोळ्यांत हिरव्या भुंगेऱ्यांचे पंख बसविलेले. सव्वाशें वर्षांनंतरहि ते चमकतात. आमच्या मनांत आलें: पोशाख ज्यांनीं शिवविला त्यांचें नांव राहिलें, सुई ज्यांनीं चालविली त्यांचें गेलें.

असें असूनहि त्याच्या पदरीं एक गोष्ट टाकणें भाग आहे. जुन्या इमारती राखाव्या, हें त्यास मनापासून कळत होतें. हिंदुस्थानांतील प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा १९०४ चा कायदा त्याच्या कारकीर्दींतला. स्वतंत्र भारताचा १९५८ चा कायदा त्याच वाटेनें पुढें गेला. स्वदेशीं परतल्यावर १९११ मध्यें त्यानें टॅटरशॅलचा पडका किल्ला स्वतःच्या पैशानें विकत घेऊन वांचविला, आणि त्या प्रकरणांतूनच इंग्लंडचा १९१३ चा स्मारकांचा कायदा निघाला. ज्यानें बंगालची भूमि नकाशावर रेघ ओढून दुभंगली, त्यासच पडक्या भिंतीचा चिरा हलतांना वेदना व्हावी! मनुष्यस्वभावाचें हें गूढ आमच्यानें उकलत नाहीं, आणि दोहोंपैकीं कोणतीहि बाजू आम्ही झांकणार नाहीं.

आतां वित्ताविषयीं. विसाव्या शतकांत इंग्लंडांत वारसाकर वाढले, नोकर मिळेनासे झाले, आणि असलीं शेंकडों घरें जमीनदोस्त झालीं. १९७४ मध्यें लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयांत नुसत्या पाडलेल्या घरांचें प्रदर्शन भरलें होतें. १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यानंतर तेथें संरक्षणीय इमारतींच्या याद्या पद्धतशीर होऊं लागल्या. केडल्स्टनचें नांव पहिल्या प्रतींत आहे. यादींतील इमारतींपैकीं शेंकडा अडीचच या प्रतींत बसतात. एकदां नांव चढलें कीं मालकासहि परवानगीवांचून त्यांत फेरफार करतां येत नाहीं. पण यादी म्हणजे पैसा नव्हे. १९७७ मध्यें घरधनी वारले, कराचा डोंगर उभा राहिला, आणि बरीच वाटाघाट होऊन १९८७ मध्यें घर व बाग 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या स्वाधीन झालीं. अट एकच: कुटुंबानें पूर्वेच्या लहान घरांत राहावें. म्हणजे सव्वादोनशें वर्षांपूर्वीं तें जेथें राहत होतें, तेथेंच.

ही व्यवस्था ऐकून आम्ही हिरवळीवर बऱ्याच वेळ गप्प बसलों होतों. वाईचा आमचा वाडा कोणत्याहि यादींत नाहीं. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यासारखें त्यास इतिहासाचें पाठबळ नाहीं. पांच पिढ्या भिक्षुकी आणि मास्तरकी करणाऱ्यांचें तें घर. घडीव दगडाचें जोतें, वर सागवानी खांब-तुळया, कडीपाटाचीं छतें, चौकांत वृंदावन. आमच्या धाकट्या भावाचें कुटुंब तेथें राहतें. तिकडून परतल्यावर आम्हीं केडल्स्टनची हकीकत सांगून, चौक आणि पुढचा सोपा ठेवावा, मागचें परसूं आणि पडवी द्यावी, असें सुचविलें. तेव्हां तो म्हणाला, "दादा, तुम्ही पुण्याला पंख्याखालीं बसून वाडा राखतां, पावसाळ्यांत घमेलीं आम्हांला मांडावी लागतात." हें बोलणें खोटें नाहीं. गेल्या आषाढांत देवघरावरचीं कौलें सरकून देवांना माजघरांत आणावें लागलें, आणि कौलें शाकारणारा माणूस आतां पंचक्रोशींत मिळत नाहीं. त्याच्या दोन मुलींना एक खोली आहे. ट्रस्ट नांवाचा देव आमच्या आळींत येत नाहीं.

बांधकाम करणारा गृहस्थ चौक वगळून नकाशा करावयास अर्ध्या मनानें तयार आहे. एक मजला कमी होईल म्हणतो, आणि त्या मजल्याची किंमत चौघांच्या वांट्यांतून जाईल. आम्हीं आमचा वांटा त्यांत धरावा असें लिहून दिलें आहे. तेवढ्यानें पुरेल कीं नाहीं, याचा हिशोब मधला भाऊ करीत आहे. तो बँकेंत होता. त्याचा आंकडा चुकत नाहीं, आणि म्हणूनच आम्हांस धाकधूक आहे. पुतण्या दिवाळींत येणार आहे. चौक राहो अथवा जावो, खांब न् खांब, तुळई न् तुळई मोजून वाड्याचा नकाशा काढावयाचा, हें त्याच्याकडून कबूल करून घेतलें आहे. फीत तो तिकडूनच आणतो आहे. तोंवर सहीचा कागद आमच्या मेजाच्या खणांत आहे.